जांभळीचं दुसरं टोक

वहिनी,

तुम्ही गेल्यावर आपल्या गोळ्यांच्या गाळ्यातला वासही हळूहळू गेला. आधी चिंचेचा गेला, मग पेरूचा. जांभळाचा वास मुळातच फिका, पण तोच सगळ्यांत उशिरापर्यंत राहिला. सुतकात भट्टी बंद होती. मधे एकदा मी स्वातीबरोबर चिखलीला जाऊन आले, गाळा एकदा उघडून बघायला. कढया पालथ्या घातलेल्या, पाक ओढायच्या मशीनवर चादर, तुमचा एप्रन खिळ्याला. स्वाती म्हणाली, "आत्या, आपल्या जिन्यात पहिल्यांदाच नुसता ऑइलचा वास येतोय." खरंच येत होता. खालच्या वर्कशॉपमधल्या लेथचा आवाजही त्या दिवशी फार मोठा वाटला. एरवी तो तुमच्या बोलण्याखाली झाकून जायचा.

वर्तमानपत्रातल्या चौकटीत द्यायचं ते दादानं दिलं आहे. फोटो स्वातीच्या लग्नातला, नथीचा, तुम्हाला न आवडणारा. माझ्याजवळ जे उरलं आहे ते चौकटीत बसणारं नाही. तुम्ही मला वन्सं म्हणायचात. तुमच्या चऱ्होलीत नणंदेला हीच हाक. त्या नावानं मला बोलावणारं आता कुणी राहिलं नाही.

"जांभळीचा इतिहास लिहून ठेवते," असं मी तुम्हाला कितीदा म्हटलं. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं म्हणून असेल, एखादी गोष्ट कुठून सुरू झाली ते कळलं नाही की मला चैन पडत नाही. तुम्ही दर वेळी तुपाचे हात झटकायचात. "आवं वन्सं, इतिहास मी मेल्यावर लिवा. आत्ता मला इकू द्या."

तर आता लिहिते आहे. मधेच कुठे "आसं न्हाई झालं" म्हणावंसं वाटलं तर म्हणा. मला ऐकायला आवडेल.

सुरुवात चऱ्होलीच्या बांधावरून. तुमच्या माहेरच्या शेतात जांभळाची झाडं होती. आता तिथे सोसायटीचं फाटक आहे आणि फाटकावर कुठल्या तरी परदेशी फुलाचं नाव. पण त्या वर्षी झाडं होती आणि तुमच्या भावानं पोतंभर जांभळं आकुर्डीला आणून टाकली. नव्यानं लग्न होऊन आलेल्या तुम्ही, सासूवर छाप पाडायची म्हणून वड्या करायला घेतल्या. पाक कुठे फसला देव जाणे, वड्या धरल्याच नाहीत. सुरी लावली की सुरीबरोबर वर यायच्या. आई ताटाकडे बघून म्हणाली, "शकू, खिडक्यांच्या काचा बसवायला लुकण हवीच होती, बरं झालं."

तुम्ही रडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही कात्री घेतलीत, तुकडे कापलेत, बटर पेपरात गुंडाळलेत आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या डब्यावर पिशवीच ठेवलीत, कंपनीतल्या माणसांना वाटायला.

दादा संध्याकाळी आला तो चिडून. गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर त्याच्या टोळीनं एकेक तुकडा तोंडात टाकला, आणि नेमका तेव्हाच सुपरवायझर आला. तो विचारतोय आणि उत्तर द्यायला एकाचंही तोंड उघडेना. "माझी इज्जत गेली," दादा म्हणाला.

"फेकून दिलं का मग त्यांनी?" तुम्ही विचारलंत.

दादा बूट काढायला वाकला. "उद्या आणखी आण म्हणालेत."

"मंग चुकलं कुठं?"

हा आपल्या जांभळीचा, जांभळाच्या गोळीचा जन्म, वहिनी. तुमच्या हातून वडी बिघडली आणि तुम्ही ती सुधारायच्या फंदात पडला नाहीत. उलट ती पुन्हा तशीच बिघडावी म्हणून पुढचे दोन उन्हाळे खपलात. नीट वडी तुम्हाला तिसऱ्याच खेपेला जमली होती. चूक पुन्हा हुबेहूब करणं मात्र फार अवघड गेलं. कधी दगड व्हायचा, कधी चटणी. मग आळंदीच्या जत्रेत तुम्ही रेवडीवाला पाहिलात, भिंतीतल्या खुंटीला गरम पाक अडकवून ओढणारा. घरी येऊन म्हणालात, "ओढला की हवा शिरती, मऊ पडतं. पर आपल्याकडं खुंटी न्हाई."

खुंटी नव्हती, मी होते. दुसरं टोक माझ्या हातात दिलंत.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. हाताला तूप. मधे कढत गोळा, काळपट जांभळा, जवळजवळ काळाच. एकीनं मागे जायचं, दुसरीनं थांबायचं, मग दुमडून पुन्हा जवळ यायचं. ओढता ओढता तो उजळत जातो, आणि शेवटी धुऊन विटलेल्या जांभळ्या लुगड्याच्या रंगावर येतो. तो रंग आला की थांबायचं. गोळा फार गरम असेल तर हात पोळतात, गार झाला तर तुटतो. मधला वेळ थोडका. त्या वेळात समोरच्या माणसाला सोडून कुठे जाता येत नाही. भांडण झालं तरी पाठ फिरवता येत नाही.

आणि आपण भांडायचो. माझ्यासारखी घुमी बाई, घरात दिवसभर दहा वाक्यं न बोलणारी, पण गोळा हातात आला की मला कंठ फुटायचा. आईच्या औषधांवरून, दादाच्या हट्टांवरून, माझ्या लग्न न करण्यावरून. एकदा रागाच्या भरात मी इतकं जोरात ओढलं की दोर मधेच तुटला. तुम्ही तुटलेलं टोक उचलून माझ्या हातात दिलंत. "राग जांभळावर न्हाई काढायचा, वन्सं. मी हाय की."

आपलं मोठं भांडण मात्र विकण्यावरून. गोळी कशी विकायची हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि तुम्ही कुणाचं ऐकलंही नसतं. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होते, पेढे वाटले जातात. तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत, "पेढा संध्याकाळपर्यंत खराब व्हतो. ह्ये ड्रॉवरमदी ठेवा, दिवाळीपर्यंत पुरंल." पुढच्या वर्षी कितीतरी लेथना पेढ्याऐवजी जांभळीचा नैवेद्य होता. टपरीवर सुट्ट्या रुपयाऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर आपली गोळी पडायची, तेव्हा तर तुम्ही राणीसारख्या होतात. मग टपऱ्यांवर स्कॅनर आले. लोक जेवढ्यास तेवढे पैसे टाकू लागले, सुट्ट्यांचा प्रश्नच उरला नाही, आणि बरण्या भरलेल्या तशाच परत यायला लागल्या. मी म्हटलं, संपलं हे. तुम्ही त्या आठवड्यात कंपन्यांच्या बसच्या ड्रायव्हरना गाठलंत. चाकणला जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये चिंचेच्या गोळ्यांची पिशवी लटकली. तळवड्याच्या चौकात गाड्या तुंबल्या की माणसं दुसरं काय करणार? पिशवीवरची ओळसुद्धा तुमचीच: "एक गोळी, एक चौक." मी रात्रभर बसून लिहिलेल्या चार सुंदर ओळी तुम्ही वाचल्यात आणि म्हणालात, "वन्सं, ह्ये वाचंस्तवर चाकण येईल."

बचत गटाच्या प्रदर्शनातली गोष्ट आठवते? मोशीकडच्या एका नव्या सोसायटीत आपलं टेबल होतं. एक तरुण जोडपं आलं. मुलीनं विचारलं, "काकू, ही पारंपरिक रेसिपी आहे का?"

तुम्ही पापणी न लववता म्हणालात, "आमच्या आजेसासूची हाय. कोकनातली."

"आपण साताऱ्याकडचे," मी मागून म्हटलं.

"सासू साताऱ्याची. आजेसासू कोकनातली," तुम्ही म्हणालात आणि त्यांच्या हातात दोन पाकिटं ठेवलीत. ते गेल्यावर माझ्याकडे वळलात. "तुमी ग्रंथालयातच बऱ्या. तितं कुनी बोलत न्हाई."

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. कारण तोवर वेष्टनावरच्या एका ओळीवरून आपलं बिनसलं होतं. सगळ्या गोळ्यांवर तुम्ही छापून घेतलं होतं: "हाताने ओढलेली". आणि त्याच सुमारास गाळ्यात ओढायचं मशीन आलं होतं. दोन लोखंडी हात, गरगर फिरणारे. चिंच, पेरू, कैरी, सगळं तेच ओढायचं.

"मशीनलाबी हातच हायेत," तुम्ही म्हणालात.

"वहिनी, हे खोटं आहे."

"गोड हाय ना? मंग?"

मी हट्टाला पेटले. मी म्हटलं, ही ओळ राहणार असेल तर माझं या गोळीशी काही नातं नाही. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मग सगळ्या वेष्टनांवरून ती ओळ काढलीत, फक्त जांभळीवर ठेवलीत. "जांभूळ मशीनला सोसत न्हाई," तुम्ही म्हणालात. "लई चिकटतं. ते हातानंच करावं लागंल. तुमाला दर शनवारी यावं लागंल, वन्सं. जमंल का?"

आई त्याच वर्षी गेली होती. तुम्ही आणि दादा चिखलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होतात. आकुर्डीच्या घरात मी आणि पुस्तकं. मी म्हटलं, जमेल.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आकुर्डीहून बस, कोपऱ्यावर उतरायचं, रस्ता ओलांडून जिना चढायचा. तुम्ही नेहमी शेगडीजवळच्या टोकाला, मी खिडकीकडे पाठ करून. हात धुऊन तूप लावेपर्यंत गोळा बरोब्बर ओढण्याजोगा झालेला असायचा. बसला उशीर झाला तर तुमचा आवाज जरा चढलेला असायचा आणि जांभळी थोडी सैल यायची. "आज जांभळानंच पानी सोडलं," तुम्ही म्हणायचात. मी नोकरीतून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी शनिवार चुकला नाही.

आता ते शेवटचं भांडण. ते अर्धंच राहिलंय.

दुकानांची साखळी असलेल्या एका मोठ्या कंपनीचा माणूस तुमच्याकडे आला होता. त्यांना जांभळी हवी होती, भरपूर हवी होती आणि वर ती ओळही हवी होती. तुम्ही म्हणालात, एवढा माल हातानं होत नाही. तो म्हणाला, "मॅडम, ओढा मशीनवर, छापा 'हाताने ओढलेली'." स्वातीनं तुम्हाला विचारलं, तुम्ही मला विचारलंत. गोळा आपल्या मधे होता.

"वन्सं, माजा बी खांदा दुखतो आता," तुम्ही म्हणालात.

"मग मशीनवर करा. पण ओळ काढा."

"वळ काढली तर शनवारी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? आराम करायचा," मी म्हटलं.

तुम्ही गोळा दुमडून पुन्हा मागे सरलात. त्या दिवशी आपण रंग आल्यावरही ओढत राहिलो, गोळा फार फिका पडला. पुढच्या शनिवारी तुम्ही दवाखान्यात होतात. मी तुमचा हात धरून बसले होते. हाताला तुपाचा वास नव्हता, सॅनिटायझरचा होता. तेव्हा बोलायला हवं होतं, पण मधे गोळा नसताना तुमच्याशी काय बोलायचं हे मला सुचेना. तुम्हालाही सुचलं नसावं. तुम्ही फक्त विचारलंत, "बसनं आलात?" मी हो म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, समाधान झाल्यासारखी.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पाहुणे पांगल्यावर स्वाती माझ्याजवळ येऊन बसली. त्या कंपनीचा माणूस तिला रोज फोन करतो आहे. "आत्या, तू सांगशील ते. आई म्हणायची, जांभळीचं आत्या ठरवेल."

"मशीनवर जांभूळ होत नाही ना पण?" मी विचारलं.

स्वातीनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "होतं की. मशीन आलं त्याच दिवशी आईनं करून बघितलं होतं. मस्त झालं होतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं." मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. "तुला सांगितलं नव्हतं तिनं?"

नव्हतं, वहिनी. कोकणातल्या आजेसासूची थाप मी दोन मिनिटांत पकडली होती. ही इतकी वर्षं पकडता आली नाही.

रात्री मला तुमचा थोडा रागही आला, खरं सांगते. म्हणजे वेष्टनावरच्या एका ओळीच्या खरेपणासाठी मी भांडत होते आणि ती ओळ खरी ठेवायला तुम्ही माझ्याशीच खोटं बोलत होतात. मग वाटलं, कदाचित उलटं असेल. ओळीसाठी मी नसेन, माझ्यासाठी ओळ असेल. हे विचारायचं होतं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "आवं, पोरगी काय बी सांगती." आणि विषय बदलला असतात.

सुतकापासून दादा माझ्याकडेच आहे, आकुर्डीला. त्यानं आयुष्यभर आपल्याला "गोळ्यावाल्या" म्हणून चिडवलं. गाळ्याचा जिना तो उद्घाटनाच्या दिवशी चढला असेल, नंतर नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी जांभळाचा गर फ्रीजमधून काढून ठेवायचं स्वातीला फोनवर सांगत होते. दादा टीव्हीसमोर बसला होता. टीव्ही बंद होता. तो म्हणाला, "उद्या तिकडे कोण असणार तुझ्यासमोर?"

"कोणी नाही."

"मग कसं होणार?"

"बघू. खुंटी ठोकून घेईन."

रिमोट बाजूला ठेवून तो म्हणाला, "लाइनवर मी तीस वर्षं घट्ट नट पिळलेत. मला हळू ओढता येईल का?"

"शिकवीन."

"सकाळी नको. बँकेत जायचंय. तू हो पुढे, मी दुपारच्या बसनं येतो."

तर आज शनिवार. स्वातीनं भट्टी पेटवून दिली आणि ती खाली आलेल्या हमालांना चिंचेची पोती दाखवायला गेली. त्या कंपनीला तिनं, मी सांगितलं तसं, सकाळीच कळवलं: चिंच, पेरू, कैरी हवी तेवढी, साध्या वेष्टनात. जांभळी नाही. जांभळी शनिवारी होते तेवढीच. फोनवरचा माणूस म्हणाला म्हणे, "तुम्हाला धंदा करायचाय की नाही?" स्वातीनं तुमच्याच आवाजात उत्तर दिलं, "करायचाय की. म्हनूनच."

मी तुमचा एप्रन घातला. मला तो मोठा होतो. पहिल्यांदाच तुमच्या टोकाला उभी राहिले, शेगडीजवळ, खिडकीकडे तोंड करून. गर आटत आला. साखर विरघळली, ग्लुकोज घातलं, थेंब पाण्यात टाकून बघितला, धरत होता. आता कढई केव्हा उतरवायची? लवकर ओतला तर दादा येईपर्यंत गार होणार. उशीर केला तर करपणार. मी गॅस बारीक केला, चमचाभर पाणी शिंपडलं, आणखी एकदा शिंपडलं. तुम्ही हे कसं जमवायचात? इतक्या शनिवारांत एकदाही मला गोळा गार मिळाला नाही, एकदाही हात पोळला नाही. मी ते तुमच्या हाताचं कसब समजत होते.

डोळ्यांत वाफ गेली म्हणून मान वर केली. समोर खिडकी, खिडकीत रस्ता, रस्त्याच्या टोकाला वळण. आकुर्डीहून येणारी बस तिथेच वळते. माझी पाठ नेहमी खिडकीकडे असायची, वहिनी. मला कधी दिसलंच नाही की इथून बस दिसते.

बस वळली. कोपऱ्यावर थांबली. आधी एक बाई उतरली, मग दांड्याला धरून सावकाश दादा. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रस्ता ओलांडताना तो डावी-उजवीकडे बघत होता, वर त्यानं एकदाही बघितलं नाही. मीही कधी बघितलं नव्हतं.

मी कढई उचलून ओट्याच्या दगडावर ओतली आणि तुपाची वाटी खिडकीकडच्या बाजूला सरकवून ठेवली.